कोपरीची पाँपादूर

१२ सप्टेंबर २०२४

पार्ट मिळाला! नायिकेचा! बेचाळिसाव्या वर्षी!

इतकी वर्षं या ग्रुपमध्ये शेजारीण, नर्स, नायकाची मावशी. आज विनीत तालमीला आला आणि सरळ म्हणाला, "मृणाल, मादाम द पाँपादूर तू करतेयस." नाटक त्याचंच, दिग्दर्शनही त्याचंच. फ्रान्सचा राजा पंधरावा लुई आणि त्याची ही बाई. संहितेत विनीतने 'राजप्रेयसी' लिहिलंय. राजरत्न राजा होतोय. तो लगेच, "म्हणजे ठेवलेली ना?"

सगळे हसले. मीही. जरा जास्तच जोरात.

आईला अजून सांगितलं नाही.

१५ सप्टेंबर

का नाही सांगितलं, ते निदान इथे लिहावं.

अण्णा माझे वडील, पण त्यांचं लग्न रमाबाईंशी झालेलं. त्यांचं घर डोंबिवलीला, मुलगी देवयानी. आमच्याकडे कोपरीला अण्णा गुरुवारी आणि रविवारी यायचे. येताना मासळी आणायचे, माझा अभ्यास घ्यायचे, आणि संध्याकाळी चपला घालायचे. चाळीत आईला तोंडावर कोणी काही बोललं नाही. पाठीमागे 'ठेवलेली'. शाळेत एका मुलीने मला विचारलेलं, म्हणजे तू कोण?

अण्णा गेले तेव्हा आई डोंबिवलीला गेली, पण जिना चढली नाही. समोरच्या मेडिकलच्या पायरीवर उभी राहिली. अण्णांना खाली आणलं, गाडीत ठेवलं, गाडी गेली. आम्ही परत आलो. आईने वरणाला फोडणी दिली.

आता मी स्टेजवर राजाची बाई होणार. कसं सांगू?

२१ सप्टेंबर

हिच्याबद्दल वाचतेय. लंच टाइममध्ये, ऑफिसात. वागळे इस्टेटमध्ये बसून व्हर्सायचा राजवाडा!

माहेरचं आडनाव प्वासों. म्हणजे मासा! दरबारी लोक त्यावरून तिच्यावर घाण गाणी करायचे. नऊ वर्षांची असताना कोणा भविष्यवालीने सांगितलेलं, राजाच्या मनावर राज्य करशील. मग घरचे लाडाने 'छोटी राणी'च म्हणायला लागले. तिचं लग्न झालेलं, राजाचंही. भेट मुखवट्यांच्या नाचात. काही वर्षांनी शरीराचं नातं संपलं, पण ती गेली नाही. मैत्रीण राहिली, सल्लागार राहिली. लोकांना मोठं केलं, जागा दिल्या, पाडलंसुद्धा. राजवाड्यात छोटं थिएटर होतं, त्यात स्वतः कामं करायची — नटी होती!

गेली तेव्हा बेचाळीस वर्षांची. माझ्याएवढी.

३ ऑक्टोबर

एंट्री जमत नाहीये. लेहेंग्याच्या आतला फुगीर कॅनकॅन घालून तालीम, पाय अडकतात, पण प्रश्न पायांचा नाही. विनीत म्हणाला, "तू माफी मागत चालतेस. ती कोण आहे, हे दरबारात सगळ्यांना माहितेय. तिलाही माहितेय. तरी ती आत येते. ते 'तरी' कुठंय?"

घरी आले. जेवले नाही.

६ ऑक्टोबर

आईला कळलं. मीच सांगितलं, मेथी निवडताना.

"कोणाचा पार्ट?"

"राजाच्या बाईचा."

तिचे हात थांबले नाहीत. "मग चांगली साडी असेल."

"साडी नाही गं. झगा."

"राजा तिच्याशी नीट वागायचा?"

"बहुतेक."

"बहुतेक म्हणजे?" — आता मात्र मेथी खाली ठेवली. "वागायचा की नाही?"

मी म्हटलं, शेवटपर्यंत जवळ ठेवलं तिला. आजारी होती तेव्हाही. मग मी चालायचं सांगितलं, जमत नाही म्हणून. उठून दाखवलंसुद्धा, स्वयंपाकघरातून दारापर्यंत.

"अशी काय चालतेस, चोरासारखी? अण्णा असताना मी त्यांच्याबरोबर बाजारात जायची. मान खाली घातली तरी लोक बोलायचे. वर ठेवली तरी बोलायचे. मग म्हटलं, वरच ठेवू. भाजी तरी नीट दिसते."

मी इतकी हसले! ती नाही हसली.

७ ऑक्टोबर

चालले. विनीतने एकच टाळी वाजवली. बस.

१९ ऑक्टोबर

आज शेवटचा प्रसंग उभा केला. पाँपादूर मेली आहे. भर पावसात तिची शवपेटी राजवाड्यातून निघते. राजा बरोबर जाऊ शकत नाही. बाल्कनीतून बघतो. "बाईंना प्रवासाला हवा काही बरी मिळाली नाही," एवढंच म्हणतो. राजरत्न हे वाक्य अगदी साधं म्हणतो.

मी विंगेत, मेलेली. मला मेडिकलची पायरी दिसत होती.

बाथरूममध्ये जाऊन तोंड धुतलं. बाहेर राजरत्न चहा घेऊन उभा. "त्या दिवशी मी तो शब्द वापरला ना... नको होता वापरायला." त्याला काही माहीत नाही. की आहे? चहा चांगला होता.

१६ नोव्हेंबर

नाट्यस्पर्धेची प्राथमिक फेरी. डोंबिवलीला. आई आली नाही. "डोंबिवलीला नको," एवढंच म्हणाली.

प्रयोग छान झाला! पण ते नंतर.

मेकअप उतरवत होते. एक बाई दारात. माझ्यापेक्षा थोडी मोठी. आणि तोंडावर अण्णांचं नाक! ओळख सांगायची गरजच नव्हती, तरी तिने सांगितली. "मी देवयानी. पेपरात तुझं नाव वाचलं. आई पण आलीय. तिला तुझ्याशी बोलायचंय."

रमाबाई पहिल्या रांगेत बसून होत्या. हॉल रिकामा झालेला. बारीकशा, गुडघ्यावर हात. मला वाटलं आता काहीतरी बोलणार. बोलू दे, मी मान वर ठेवीन.

"काम चांगलं केलंस," म्हणाल्या. "पण राणी कुठे होती?"

मला कळेना.

"राजाला राणी असेल ना? पूर्ण नाटकात दिसली नाही. तिला एक वाक्य नाही?"

त्या उठल्या, देवयानीच्या खांद्याला धरून. जाताना वळून म्हणाल्या, "भीमा बरी आहे का?"

आईला नावाने हाक मारणारं आता कोणी उरलंय, हे मी विसरलेच होते.

१७ नोव्हेंबर

आईला सगळं सांगितलं. वाटलं चिडेल.

"बरोबर बोलली ती," आई म्हणाली. मग थोड्या वेळाने, आपणहून — "अण्णांच्या शर्टाची बटणं कायम घट्ट असायची. एक कधी लोंबलेलं बघितलं नाही मी. मी नव्हते लावत. कोण लावतं, ते मला माहीत होतं."

२४ नोव्हेंबर

फायनलला गेलो!

विनीतला म्हटलं, राणी हवी. तो — आता? निवड झालेल्या नाटकात हात घालू? मग त्याला वाचलेलं सांगितलं. पुढे पाँपादूरला राणीच्याच महालात मानाची जागा मिळाली. राणीला ते आवडलं नव्हतं, तरी तिने मान्य केलं. आणि राणी म्हणे एकदा म्हणालेली, कोणी असायचीच असेल तर दुसरीपेक्षा हीच बरी.

विनीत बघतच राहिला. "हे आधी का नाही सांगितलंस?"

मला तरी कुठे दिसलेलं आधी!

८ डिसेंबर

दुपारी आई म्हणाली, "रमाताईंचा नंबर आहे?"

"देवयानीचा आहे."

"त्याच्यावर लाव."

लावून दिला. फोन घेऊन ती गॅलरीत गेली आणि मागून दार ओढून घेतलं. मी आत उभी, नखं खात. पहिल्यांदा काहीच ऐकू आलं नाही. मग आईचं हसणं!

विचारलं तर म्हणे, "गुडघ्यांचं बोलत होतो."

१२ जानेवारी २०२५

फायनल. ठाण्यात. दुसरे आलो. मला अभिनयाचं प्रमाणपत्र. पण लिहायचंय ते वेगळंच.

पडद्याच्या फटीतून बघितलं. आई आलेली, हिरव्या साडीत. शेजारी एक खुर्ची रिकामी, तिच्यावर दोघींच्या पर्सेस. पलीकडे रमाबाई. दोघी समोर बघत होत्या.

राणीचा प्रसंग छोटासाच. राणी आणि मी, दोघीच. ती मला बसायला सांगते. राजासमोर जिला कुणी खुर्ची दिली नव्हती, तिला राणी म्हणते, "बसा. उभं राहून दोघींचेही पाय दुखले असतील."

मी बसले. खरोखर पाय दुखत होते.

शेवटच्या नमस्काराला दिवे लागले. पर्सेस मांडीवर होत्या. मधल्या खुर्चीवर आई सरकलेली.

२० जानेवारी

देवयानीची नागपूरला बदली झालीय. रमाबाई तिकडे जायला तयार नाहीत.

संध्याकाळी ऑफिसातून आले तर आईने कपाटाचे खालचे दोन कप्पे रिकामे केलेले. वरच्यांत माझे कपडे कोंबलेले. म्हटलं, हे काय?

"रमाताई येतेय. राहायला."

"किती दिवस?"

"तुला काय करायचंय?" तिने कप्प्यात नवा कागद अंथरला, हाताने सपाट केला. "तुझ्या त्या राजाला फोन कर. म्हणावं, शनिवारी ये, तिचं सामान वर चढवायचंय."