लिंबोणी, मोजणीची साखळी आणि परसफेरीचा नकाशा

मी आसाराम गहिनीनाथ म्हसे, वय वर्षे सदुसष्ट, धंदा पूर्वी सरकारी मोजणीदार व आता काही नाही, राहणार राहुरी, असे लिहून ठेवतो की माझे डोके ठिकाणावर आहे आणि हा कागद लिहिण्यासाठी मला कोणी धाक घातलेला नाही की गूळ लावलेला नाही. छातीचे दुखणे दिवाळीपासून वाढले आहे. डॉक्टर हल्ली बोलताना माझ्याकडे न पाहता माझ्या मुलाकडे, राधाकृष्णाकडे पाहतात, त्यावरून मी काय ते समजलो.

एवढा मजकूर मी शेवटी, वर सोडलेल्या कोऱ्या जागेत लिहितो आहे. हा कागद एका बैठकीत संपवायचा होता, त्याला दोन दिवस लागले. कारण पाचव्या कलमात येईल. मी खाडाखोड करणार नाही. बत्तीस वर्षे मोजणीवहीत आकडा खोडला नाही, चुकला तर खाली दुसरा लिहिला. तेव्हा दोन कलमे एकमेकांशी भांडली तर खालचे खरे धरावे.

कलम १. राहते घर, पुढचा ओटा व मागचे परस चिरंजीव राधाकृष्ण यास मिळावे. त्याची नोकरी नगरला, म्हणजे तो घर विकणार, हे मला ठाऊक आहे. विकावे. पोस्टातली शिल्लकही त्याचीच. सून सौ. पुष्पावती हिला पितळेची सर्व भांडी द्यावीत. ती भांडी घासते तशी माझी पत्नी कै. चांगुणाही घासत नसे. चांगुणा हयात असती तर हे वाक्य लिहायची माझी छाती नव्हती.

कलम २. मोजणीची साखळी, झेंड्याच्या काठ्या व लाकडी पेटी माझा जुना साखळीवाला गडी कारभारी यास द्यावी. वीस वर्षे साखळीचे एक टोक माझ्या हातात आणि दुसरे त्याच्या हातात होते. कर्जतपासून घोडेगावपर्यंत आम्ही लोकांच्या बांधांवर शिव्या खाल्ल्या, त्यातल्या निम्म्या त्याच्या वाट्याच्या होत्या. साखळीची एक कडी मी तारेने बांधली आहे, ती सांभाळून ओढावी.

कलम ३. परसातली लिंबोणी माझ्यामागे तोडावी, बुंध्यासकट. शेवंती, वाल, कढीपत्ता सगळे उपटून फरशी घालावी.

याचे कारण लिहिणे भाग आहे. आमच्या गल्लीत संक्रांतीनंतरच्या रविवारी परसफेरी असते. ही कल्पना चांगुणाची. बायका दारापुढची रांगोळी एकमेकींना दाखवतात, पण मागच्या अंगणात भांडी घासलेल्या पाण्यावर काय काय वाढवलेय ते कोणी पाहत नाही, असे ती म्हणायची. सन १९६७ च्या पावसाळ्यात ती गेली. पुढच्या जानेवारीत मी फेरी सुरू केली, नियम केले आणि नकाशा काढला. घरमालकाने घरी थांबायचे नाही, कारण मालक थांबला की चहा आला आणि मग बाग राहते बाजूला. मागचे दार उघडे ठेवून त्यानेही नकाशा घेऊन इतरांची परसे पाहत हिंडायचे. कागदावर नसलेल्या घरात शिरायचे नाही. आणि दाराशी भरून ठेवलेल्या तांब्यातले पाणी, जे झाड मनात भरेल त्याच्या बुडाशी घालायचे. मालक दुपारी परत आला की ओली माती पाहून समजतो.

माझी माती पाच वर्षे कोरडी आहे. दरवर्षी मी तांब्या काठोकाठ भरून जातो आणि परत येतो तेव्हा तो काठोकाठच असतो. ही लिंबोणी चांगुणाने कर्जतहून, माहेरून, मांडीवर धरून आणली. एस.टी.त तिने रोपाला खिडकीची जागा दिली आणि मला उभे केले. त्या झाडाकडे एकाही माणसाने पाच वर्षांत फिरकू नये, याचा मला संताप येतो आणि तितकेच रडूही येते. या रविवारीही तेच झाले. ज्याला कोणी पाहत नाही ते मी परक्या मालकासाठी ठेवणार नाही.

कलम ४. शेजारी भिमाजी यास माझ्या मिळकतीतली काडीही मिळू नये. तीस वर्षांचा आमचा घरोबा, मधली भिंत एक, तिला पडलेले भोकही एक. चांगुणाच्या हातचे लिंबाचे लोणचे त्याने माझ्यापेक्षा जास्त खाल्ले. तोच दरवर्षी नकाशा हातात धरून माझ्या मागल्या दारापर्यंत येतो, मान खाली घालतो आणि पुढे जातो. मी हे वळणावर उभा राहून स्वतः पाहिले आहे. चार वर्षे मी त्याच्याशी बोललेलो नाही.

कलम ५. पुरावा म्हणून परसफेरीचा नकाशा सोबत जोडतो. त्यावरील, माझे सोडून, सर्व अकरा घरे वर लिहिलेल्या अपराधात सामील आहेत.

येथे माझा टाक थांबला. नकाशा जोडण्यापूर्वी मी घरे मोजली. बारा हवीत ती अकराच भरली, आणि त्यांत माझे नव्हते. पुन्हा मोजली. चष्मा पुसून मोजली. मोजणी मी माझ्याच पायरीपासून सुरू केली होती आणि मोजणीदार जिथे पहिला पाय रोवतो तिथे नुसता ठिपका देतो. त्या ठिपक्यावर पुढे घर काढायचे राहिले. दरवर्षी तोच नकाशा मी कार्बन लावून उतरवला आणि वाटला. सगळ्या तालुक्याचे बांध मोजणारा माणूस स्वतःचे घर मोजायला विसरला.

छबूबाई, म्हणजे भिमाजीची मंडळी, भिंतीपलीकडे धुणे वाळत घालत होती. मी तिला भिंतीवरून कागद दाखवला.

"वहिनी, यात माझं घर नाही."

"न्हाईच हाय," ती म्हणाली. "पैल्या सालापासून न्हाई."

"मग कोणी बोललं का नाही?"

"कसं बोलायचं, अण्णा? चांगुणाबाईला जाऊन सा म्हैने हुते. आमाला वाटलं, तुमाला त्यांच्या झाडापाशी कुनी यायला नकोय, म्हनून तुमीच घर काढलं न्हाई. मी एकदा म्हनलं, इचारावं का. तर हे म्हनले, मानसाच्या दुखात हात घालू नये. दार तर उघडं दिसायचं, पर तुमचाच नियम, कागदावर न्हाई तितं शिरायचं न्हाई. हे दरसाली दारापशी येत्यात, उभं ऱ्हात्यात आन जात्यात. लई वाटतं त्यांना, लिंबू बगावं म्हनून."

मी आत येऊन बसलो. मग चार वर्षे मी कोणावर रुसलो होतो, ते मला अजून नीट उमगत नाही. त्याहून अवघड असे की मी खरोखर विसरलो, की मलाच कोणी यायला नको होते आणि हाताने मला न विचारता तसे केले, हेही मला सांगता येत नाही. दोन्ही खरे वाटते. कागदाच्या सुरुवातीला माझे डोके ठिकाणावर असल्याचे लिहिले आहे. ते अजूनही ठिकाणावरच आहे, फक्त ठिकाण कोणते ते समजेना.

कलम ६. तिसरे कलम चुकले. लिंबोणी तोडू नये. राधाकृष्णाने घर विकले तरी खरेदीखतात लिहून घ्यावे की परसफेरीच्या दिवशी मागचे दार उघडे राहील. नकाशात ठिपक्यावर मी आज घर काढले आहे, क्रमांक बारा. जुन्या प्रतींना हात लावू नये, त्या चुकीच्याच राहू द्याव्यात.

कलम ७. चौथे कलम मात्र कायम आहे. भिमाजीला काहीही देऊ नये. कारण वकील सांगतात की ज्याला मृत्युपत्रातून काही मिळत नाही, त्यालाच साक्षीदार घ्यावे, आणि मला साक्षीला तोच हवा आहे. दुसरा साक्षीदार गोरक्ष, समोरच्या घरचा, नकाशात क्रमांक चार. दोघांना निरोप धाडला आहे. मागल्या दाराने यावे, तांब्या भरून ठेवला आहे. मी नियमाप्रमाणे तोवर पुढच्या ओट्यावर बसतो.

हे सर्व मी राजीखुशीने आणि गोंधळलेल्या मनाने लिहिले. माझ्यामागे कोणी तंटा करू नये.

राहुरी, तालुका राहुरी, जिल्हा अहमदनगर. मंगळवार, दिनांक १८ जानेवारी १९७२.

सही: आसाराम गहिनीनाथ म्हसे

साक्षीदार: आमच्या डोळ्यांदेखत अण्णांनी सही केली व आम्ही त्यांच्यादेखत केली.

१. गोरक्ष, सही. मी कढीपत्त्याला घालणार होतो, पण माझ्यापर्यंत पाणी उरले नाही.

२. भिमाजी, सही. तांब्या लिंबोनीला रिकामा केला. पुन्हा भरून पाच वेळा घातला, मागल्या सालांचा.