साहेबाच्या नावाची पायरी

ती. सौ. ताईस, धाकट्याचा नमस्कार.

खोली कोरडी आहे, जेवण वेळेवर मिळतं. खोकला जवळजवळ गेलाच. भाऊजींचा गुडघा कसा आहे?

हे गाव एका गोऱ्या साहेबाच्या नावाचं. ते नाव बाजाराच्या पायरीवर कोरलेलं, पण पार झिजलेलं. माझा स्वभाव तुला ठाऊकच आहे, मला बघवेना. कुणी सांगितलं नसताना सुट्टीच्या दिवशी छिन्नी घेऊन बसलो आणि सुताची रेघ धरून एकेक अक्षर खोल कोरलं. कुणाकडे न शिकता असा हात बसलाय, म्हणून मनातून फुगलोही होतो.

सकाळी भाजीवाली म्हातारी पायरीशीच थबकली. "अहो मिस्त्री, हे काय करून ठेवलंत? त्या मेल्यानं आमची घरं पाडून हा बाजार बांधला. येता-जाता त्याच्या नावावर चपला घासत आलोय आम्ही. माझी आजीसुद्धा घासायची!"

हमाल म्हणाला, "तीन पिढ्यांची मेहनत मिस्त्रींनी एका दिवसात धुऊन काढली!" सगळे हसले. म्हातारी हसली नाही.

ताई, अक्षरं झिजलेली दिसली, पण कशानं झिजली ते विचारायचं मला सुचलं नाही. "बुजवून देतो," म्हणालो, तर म्हणाली, "राहू द्या. आम्ही घासू."

भाऊजींना हे सांगू नकोस, माझ्या हाताचं फार कौतुक आहे त्यांना. हल्ली मीही रोज तिथं चपला घासतो. म्हातारी बघते. अक्षरं ढिम्म हलत नाहीत गं. फारच खोल कोरलीत मी.

तुझा,
धाकटा