परीस, आवृत्ती एक

३ मार्च, सोमवार. सकाळी ९.४०
आजपासून रोज लिहायचं. मोठ्या कामाची नोंद पहिल्या दिवसापासून हवी, नंतर लोक विचारतात.
काम असं. घरसामानाच्या गोदामाकडे दुकानांतून ऑर्डरी येतात, एक्सएमएलमध्ये. एक्सएमएल म्हणजे पिशवीत पिशवी, तिच्यात आणखी पिशवी. त्या सगळ्या उघडून आतला माल आपल्या प्रोग्रॅमला कळेल अशा याद्यांमध्ये मांडायचा. साहेब म्हणाले, यासाठी तयार कोडची लायब्ररी फुकट मिळते, बसवून टाका. मी म्हणालो, स्वतः लिहितो, दोन दिवसांत. साहेबांनी कपाळाला हात लावला. डोकं दुखत असावं.
लायब्ररीचं नाव ठरलं: परीस. लोखंड आत, सोनं बाहेर.

५ मार्च, बुधवार
दोन दिवस झाले. नाव आणि लोगो पूर्ण. कोड उद्या.

६ मार्च, गुरुवार
काय सुटलोय आज! एकाच ओळीत नियम: आकड्यासारखं दिसेल त्याचा आकडा करायचा. आमचं काम तपासणाऱ्या टेस्टर बाई म्हणाल्या, गिऱ्हाइकांचे फोन नंबर शून्याने सुरू होतात, तुमच्याकडे ते शून्य गळतंय. मी समजावलं की सुरुवातीच्या शून्याला किंमत नसते, शाळेत शिकवतात. त्या म्हणाल्या, पण फोन लागत नाही. बाईंचा स्वभाव नकारात्मक आहे.

१० मार्च, सोमवार
शून्यं परत आणली. आता आकडेही अक्षरांसारखे जसेच्या तसे राहतील. बाईंच्या सांगण्यावरून नव्हे. मला शनिवारी आंघोळ करतानाच सुचलं होतं.

११ मार्च, मंगळवार
बाईंनी नवीन काढलंय: ऑर्डरीत एकच वस्तू असली तर? मी म्हणालो, दोन वस्तूंची यादी झकास होते, मग एक म्हणजे निम्मंच काम. त्यात तपासायचं काय?

१२ मार्च, बुधवार. संध्याकाळी
परीस सुरू!! पहिल्या तासात दोनशे ऑर्डरी! खुर्चीसकट गोल फिरलो. घरी बायकोने विचारलं, तू नक्की केलंस काय. पिशव्यांचं सविस्तर समजावलं. ती म्हणाली, पिशवीवरून आठवलं, भाजी संपलीय.

१४ मार्च, शुक्रवार
सासूबाईंना वाचायला टेबलावरचा दिवा हवाय. म्हटलं, आमच्याच गोदामातून बिनधास्त मागवा, मधे मी आहे.

१७ मार्च, सोमवार. ११.१५
सासूबाईंचा फोन. दिवा आला नाही. दोन शिड्या आणि एक आंघोळीचा टब आलाय. ही भेट आहे का, विचारत होत्या. गोदामाला कडक शब्दांत मेल टाकला. साहेबांना कॉपी.

त्याच दिवशी, ३.३०
गोदामाचं उत्तर आलं. साहेबांना कॉपी. दिव्याचा कोड ४४७. वस्तू एकच, म्हणून परीसने यादी केलीच नाही, नुसता कोड पुढे ढकलला. पुढच्या प्रोग्रॅमने त्यालाच यादी समजून एकेक अक्षर सुटं केलं. चार नंबरला शिडी, सात नंबरला टब. चार, चार, सात. तर्क किती शुद्ध! मलाच कौतुक वाटलं.
अशा एकतीस ऑर्डरी गेल्यात. एका वकिलांनी साबणाची डबी मागवली होती, कोड ७७७. ते दाराबाहेर पडू शकत नाहीयेत.
टेस्टर बाई एकतीस गिऱ्हाइकांना फोन लावायला बसल्या, शून्यासकट. ते जास्त लागलं.

१८ मार्च, मंगळवार
एका ओळीत दुरुस्ती! आता एकटी वस्तूही यादीत जाते. सगळंच यादीत जातं.
२.१०: पत्तासुद्धा. लेबलांवर यादीचे चौकटी कंस छापले गेलेत. ट्रक फाटकातच उभे आहेत.

१९ मार्च, बुधवार
साहेबांनी बाईंना तयार लायब्ररी बसवायला सांगितलं. मी बजावलं की परीस सिस्टिमच्या मुळापर्यंत गेलाय, उपटला तर सगळा डोलारा खाली येईल. तीन आठवडे तरी धरा. मी शेजारी बसेन, बाईंना धीर म्हणून.

२० मार्च, गुरुवार
सुट्टी टाकून सासूबाईंचं सामान आणायला गेलो. चेहरा कसा करायचा याची रिक्षात तालीम केली. गरज पडली नाही. सासूबाई शिडीवर चढून माळा झाडत होत्या, प्रचंड खुशीत. एक शिडी द्यायला चक्क नकार दिला. म्हणाल्या, जावईबापू, इतकी वर्षं तुम्ही काय करता ते मला कळत नव्हतं, आता निदान हात लावून बघता आलं. मला हसू येईना आणि आवरेनाही. टब डोक्यावर आणि दुसरी शिडी बगलेत घेऊन तीन जिने उतरलो. दर मजल्यावर दारं उघडली.

२१ मार्च, शुक्रवार. ६.०५
टेस्टर बाईंनी परीस जेवणाच्या सुट्टीआधी काढला. चाळीस मिनिटं लागली. त्यातली दहा त्यांच्या बहिणीच्या फोनमध्ये गेली.
मी दिवसभर फोनजवळ बसून होतो. आता बोंबाबोंब होईल, मग होईल. ऑर्डरी येत होत्या, ट्रक जात होते.
शेवटी मीच गोदामात फोन लावला. विचारलं, आज काही वेगळं जाणवलं का?
म्हणाले, नाही बुवा. का, काही होतं का आज?