मेजर दिलेरचा पाचवा

९ सप्टेंबर १९६७

बाबा बुलढाण्याच्या बाजारात भाजी विकून आले ते टोपलं आपटतच. पोळ्याला येणार, पोळ्याला येणार म्हणता म्हणता पोळा होऊन गेला, बैलांच्या शिंगांचा रंग उडाला, पण मेजर दिलेरचा पाचवा पिक्चर टॉकीजला काही लागला नाही. आता म्हणे दिवाळीला. कारण? नवलकुमार रुसला. चारही पिक्चरमध्ये तोच मेजर दिलेर, आता म्हणतो नाही करत. हे कोणी सांगितलं? दत्तूभाऊ हॉटेलवाल्यानं. त्याला कोणी सांगितलं? एस.टी.च्या कंडक्टरनं. झालं! कंडक्टरला तर मुंबईहून रोज तारच येत असेल.

हे सगळं मला सांगता सांगता बाबांनी पाण्याचा तांब्या समजून रॉकेलची बाटली उचलली. मी हिसकली. उजव्या डोळ्यानं काही दिसत नाही, डाव्यावरही साय धरली आहे. त्याचं बोलायचं नाही. नवलकुमार काऊन रुसला, त्याचं बोलायचं.

१७ सप्टेंबर

शेगावला डोळ्यांच्या डॉक्टरला दाखवलं. दोन्हीकडे मोतीबिंदू. उजवा फारच पिकला, आता भरवसा नाही. डावा अजून हातात आहे. "जास्त पिकू देऊ नका. आत फुटला तर डोळा जाईल." दिवाळीनंतर तिथंच शिबिर आहे, तेव्हा करून घ्या म्हणाले. मग नेहमीचं पढवलेलं: आठ दिवस पट्टी, उताणं निजायचं, मान हलवायची नाही, पुढं सहा महिने ऊन, धूर, सिनेमा बंद.

सिनेमा म्हटल्याबरोबर बाबा ताठ. "मंग दिवाळीचा पिक्चर?"

डॉक्टर हसले. "पिक्चर कुठं पळून जातो का?"

पळूनच जातो! त्यांना काय माहीत. आमच्याकडे पिक्चर एक हप्ता, फार तर दोन. रिळांची पेटी उचलली की गेला तो गेला. तिसरा भाग पुन्हा एकदा पाहायचा म्हणून आम्ही किती वाट पाहिली, आला का?

येताना एस.टी.त बाबांनी निकाल दिला. "पहिले पाचवा पाहीन, मंग आपरेशन."

"अन् तोवर डोळा फुटला तर?"

"पाह्यल्यावर फुटो."

अख्खी गाडी हसली. मला हसू येईना. संतापानं डोळ्यात पाणी आलं, ते पदरानं पुसलं आणि खिडकीबाहेर पाहत बसले.

२९ सप्टें.

शाळा सुटल्यावर बाबांना बोलवायला हॉटेलात गेले. बाईमाणसानं आत जायचं नाही म्हणतात. गेले. आत सभा भरलेली. नवलकुमार नाही तर नवा मे. दि. कोण? एक म्हणतो हा, दुसरा म्हणतो तो. दत्तूभाऊ भजी तळता तळता म्हणे, "किशनराजले घेऊन राह्यले. पक्की खबर हाय."

माझ्याच्यानं राहवेना. म्हटलं, "किशनराज? त्याची मान पाह्यली का? कोंबड्यासारखी! तो मे. दि. झाला तर मे. दि.ची टोपी त्याच्या खांद्यावर येऊन बसंन."

दत्तूभाऊनं तोंड वाकडं केलं. बाबा मात्र खूश. "पाह्यलं का बे? माही मास्तरीन पोरगी म्हनते तर खरं हाय. नवलच येते."

मी भांडायला गेले होते आणि त्यांच्यातलीच एक होऊन आले. घरी येऊन स्वतःवर जास्त चिडले. आई गेली त्या वर्षी पहिला आला होता. तेरवी होऊन महिना झाला असेल, बाबा म्हणाले चल, घरात बसून काय करतं. लोकांनी नावं ठेवली. आम्ही गेलो. त्या दिवशी आम्ही दोघं पहिल्यांदा जेवलो पोटभर. हे सगळं मला समजतं. पण डोळा तो डोळा आहे ना!

४ नोव्हेंबर

दिवाळी झाली. पाचवा नाही. आता म्हणे संक्रांत. नवलकुमार परत आला म्हणे, पण हिरॉइन गेली. त्या पिक्चरवाल्यांना आमच्या देऊळघाटात आणून एक दिवस वांगी तोडायला लावली पाहिजेत. वेळेवर तोडली नाही तर काय होतं ते समजेल.

शिबिर पंधरा दिवसांवर. बाबा नाही म्हणतात. "संक्रांत काय दूर हाय?"

२१ नोव्हें.

शिबिर झालं. गेले नाहीत. मी बोलत नाही. ताट वाढते, समोर सरकवते, उठते. त्यांना ताटातलं दिसत नाही, चटणीत बोट बुडवून भाजी समजतात, तरी मी बोलले नाही. चटणी लागली ती लागली.

११ डिसें.

अबोला काय कामाचा, ज्याच्याशी धरला त्याला पत्ताच नाही. ते आपले दत्तूभाऊकडे.

मी गेल्या महिन्यात रागानं सिनेमाच्या साप्ताहिकाला प्रश्न पाठवला होता. ते प्रश्नोत्तराचं पान असतं ना. "मेजर दिलेरचा पाचवा भाग नक्की केव्हा येणार आणि त्यात कोण आहे?" साधा प्रश्न. आज उत्तर छापून आलं. "कु. क., देऊळघाट: आधी तुमच्या घरी अक्षता पडू द्या, मग आमचा मेजर येईल. नवरदेव म्हणून कोण हवा, नवल की किशन?"

मेल्यांनो! तुमच्या घरी आया-बहिणी नाहीत का? दत्तूभाऊनं ते मोठ्यानं वाचून दाखवलं. गावात कु. क. दुसरी आहेच कोण? शाळेच्या दारात पोरं "नवल की किशन" करत होती. एकाच्या पाठीत धपाटा घातला. हेडमास्तरांनी बोलावलं, म्हणाले, बाई, राग आवरा. आवरते. कुठं ठेवू आवरून?

बाबांना उत्तर ऐकवलं तर म्हणे, "म्हनजे अजून ठरलं नाही कोन ते. चांगलं हाय, नवलचा चान्स हाय." कपाळ!

१५ जानेवारी १९६८

संक्रांत गेली. नाही. आता होळी.

बाजारात आज एका बाईनं कोथिंबिरीची जुडी बाबांच्या अंगावर फेकली. निम्मी कोथिंबीर, निम्मं गवत. वासावर ओळखतो म्हणत होते. ती म्हणाली, "म्हाताऱ्या, आमाले जनावरं समजलं का?" माझा बाप! ज्याच्या जुडीत कधी पिवळं पान नव्हतं. घरी येऊन हसत सांगत होते. "बिचारी, तिचं काय चुकलं." मी हसले नाही. चूल फुंकत बसले आणि मनात म्हटलं, आता बस्स.

माघात शेगावला पुन्हा शिबिर आहे.

२२ जाने.

केलं. शाळेतून येताना दत्तूभाऊच्या हॉटेलसमोर उभी राहिले आणि म्हटलं, "दत्तूभाऊ, समजलं का? आमच्या हेडबाईच्या भावाचं मुंबईहून पत्र आलं. पाचवा बंद झाला. कायमचा." आमच्या शाळेत हेडबाईच नाही, हेडमास्तर आहेत. कोणाच्या लक्षात आलं नाही. अफवेला नाव-गाव कोण विचारतं? मी चार महिने तेच ऐकत आले, आता माझी ऐका म्हटलं.

संध्याकाळपर्यंत गावाच्या तोंडी स्टुडिओ जळाला होता. दिवेलागणीला नवलकुमार जळत्या स्टुडिओत होता.

२३ जाने.

सकाळी तो मेला. दत्तूभाऊनं त्याच्या फोटोला हार घातला! चौथ्या पिक्चरच्या पोस्टरमधून कापलेला फोटो, हातात पिस्तूल, वर झेंडूचा हार. मी पाहिलं आणि तशीच मागं फिरले. इतकं नव्हतं मला म्हणायचं. पण आता तोंड उघडू कशी?

बाबा जेवले नाहीत. आई गेल्यावर बसले होते तसे ओट्यावर बसले. मग म्हणाले, "नाव टाक शिबिरात. आता काय पाहाचं राह्यलं?"

जिंकले मी. आणि राग आला तो इतका, की भांडी घासता घासता पितळीला पोचा पाडला. कोणाचा राग, ते विचारू नये.

१२ फेब्रु.

पोस्टर लागलं! बुलढाण्यात, टॉकीजच्या भिंतीवर, एवढं मोठं. शुक्रवारपासून. मे. दि. पाचवा. आणि मे. दि. कोण? किशनराज. ती मान, तीच!

शुक्रवारीच आम्हाला शेगावला हजर व्हायचं आहे. शनिवारी ऑपरेशन. पाच महिने मेल्यांना सवड नव्हती, आत्ताच सापडली.

दत्तूभाऊ मागल्या दारानं आला. "कमल, तुह्या बापाले सांगू का नको?"

"सांगशील तर याद राख. हॉटेलात येऊन भज्याची कढई उलटी करीन."

"अवं, पन त्याचा जीव हाय त्याच्यात."

"माहा जीव त्याच्या डोळ्यात हाय. जा."

गेला. जाताना म्हणाला, नवल जिता हाय, एवढं तरी सांग त्याले. मी दार लावलं.

१६ फेब्रु. शेगाव, शिबिराच्या मांडवात

जमेल तसं लिहिते.

गाडी बदलायला बुलढाण्याच्या स्टँडवर उतरलो. शेगावची गाडी लागायची होती. बाबांना बाकावर बसवलं, हात धरून राहिले. तेवढ्यात टांगा आला, वर भोंगा बांधलेला. "आज तीन बजे! मेजर दिलेर का नया कारनामा! आइए, देखिए!" मी एकदम मोठ्यानं बोलायला लागले. वांग्याला कीड पडली का, विहिरीचं पाणी किती, सोबत पोळ्या किती घेतल्या, काय वाट्टेल ते. टांगा स्टँडला फेरी मारून पुन्हा आमच्यापुढं.

बाबा म्हणाले, "ओरडू नको. डोये चालले माहे. कान नाही."

मी पोळ्यांचं गाठोडं उगाच सारखं केलं.

"कोन हाय त्याच्यात?"

"किशनराज."

"नवल मेला नाही ना?"

"नाही."

"मंग ते कोनं उठवलं?"

मी त्यांचा हात घट्ट धरला. गाडी लागली. मी म्हटलं, "बाबा, जायचं का पिक्चरले? तीनचा हाय. उद्या सकाळच्या गाडीनं..." खरंच म्हटलं मी हे. पाच महिने भांडून शेवटी मीच.

त्यांनी माझा हात सोडवला. हातानं बाक चाचपला, मग गाडीचा पत्रा, मग दांडा. एकटे चढले. कंडक्टरला म्हणाले, "दोन शेगाव." शेगाव येईपर्यंत एक शब्द नाही. मी हात पुढं केला की त्यांचा मागं.

ओरडले असते तर परवडलं असतं. ओरडायला माझ्याकडेही पुष्कळ आहे.

१७ फेब्रु.

सकाळी नावं पुकारली. डॉक्टरांनी पुन्हा पाहिलं. उजवा गेला म्हणाले, डाव्याचं आज करतो, आठ दिवसांनी पट्टी सोडल्यावर कळेल. दिवाळीनंतरच्या शिबिरातच यायचं होतं, असंही म्हणाले. माझ्याकडे पाहून म्हणाले!

आत नेताना बाबा पहिल्यांदा बोलले. "कमल."

"जी बाबा."

"पट्टी सोडतीन तवा तू समोर राहू नको. दुसरं कोनी राहो."

नेलं.

इथं मांडवाच्या खांबाला टेकून बसले आहे. शेजारची बाई विचारते, रडता काऊन? रडत नाही म्हटलं, चिडले आहे. समोर राहू नको म्हणे! चार पिक्चर शेजारी बसून पाहिले तेव्हा चाललं. ती रॉकेलची बाटली कोणी हिसकली होती? मी पंधरा दिवसांची रजा टाकून आले आहे. राहीन. नाकासमोर उभी राहीन. द्यायच्या तेवढ्या शिव्या द्या म्हणावं, तोंड फिरवायचं तर फिरवा. पण त्यासाठी आधी मी दिसले पाहिजे ना.