गाढवावरून उजेडाचं माप

१२ जून १९९३

फोटो आले. सगळे वाया! आमच्याकडे जून म्हणजे ऐन हिवाळा; पण फोटोतला बर्फ चुलीतल्या राखेच्या रंगाचा, आणि त्यात दोन काळे ठिपके — एक सासूबाई, दुसरी त्यांच्या पाठीवर बांधलेली लिमाकात्सो. नाक नाही, डोळे नाहीत. घोड्यावरून आमच्या डोंगरात टपाल आणणारा सेकाके म्हणतो, "वहिनी, लेकीचा फोटो काढलात की पिठाच्या पोत्यांचा?"

मोत्लात्सीने खाणीतून लिहिलंय — पोर चार महिन्यांची झाली, बापाने अजून तिचं तोंड पाहिलं नाही. कपाळ कोणाचं घेतलंय? फोटो बर्फातच काढ, इथे जमिनीखाली राहून बर्फ विसरायला झालाय. नाताळापर्यंत सुट्टी नाही त्याला. कॅमेराही त्यानेच पाठवला. आणि मला एक फोटो धड काढता येईना.

सासूबाईंना पत्र वाचून दाखवलं. "कपाळ माझं आहे, एवढं लिहून टाक. फोटो हवाय कशाला?"

१५ जून

उजेड कमी पडला असणार. आज भर दुपारी, लख्ख उन्हात काढले.

२४ जून

पहिल्यापेक्षा काळे! जितकं ऊन जास्त, तितकी माणसं काळी. हे कसं काय?

२६ जून

उन्हाळ्यात मातीच्या भिंतीपुढे काढलेला फोटो पेटीतून काढला. कॅमेरा हाच, हातही हेच, कॅमेऱ्यातून बघताना दिसणारा उजेडाचा काटा असाच मधोमध आणलेला. तरी त्यात सासूबाईंच्या गालावरचा तीळसुद्धा दिसतो. बदललं काय? भिंतीच्या जागी बर्फ आला, एवढंच.

मका दळता दळता डोक्यात आलं. कॅमेऱ्याला काय ठाऊक, समोर बर्फ आहे की भिंत! त्याला फक्त उजेड कळतो. काहीही दाखवा, तो ते भिंतीच्या रंगावर आणून सोडतो. बर्फ फार चकाकतो, म्हणून हा डोळा बारीक करतो. बर्फाची होते राख, आणि माणसं जातात अंधारात.

तर मग बर्फाला विचारायचंच नाही. पण विचारायचं कोणाला? भिंत तर सावलीत आहे.

२७ जून

गाढवाला!

२८ जून

आमचं गाढव ना काळं ना पांढरं, भिंतीसारखंच मधल्या रंगाचं. उन्हात उभं केलं, त्याच्या पोटाजवळ कॅमेरा नेऊन काटा मध्ये आणला, आणि मग कशालाही हात न लावता तशीच सासूबाईंकडे वळले.

"आधी गाढव, मग आम्ही होय?"

"म्मे," आईला आमच्यात हीच हाक, "त्याच्यावरून उजेडाचं माप घेते."

"घे बाई. तुझा सासरा मला बघायला आला, तेव्हा त्यानेही आधी आमची गाढवंच बघितली होती."

हसता हसता त्यांना खोकला लागला. शेणाच्या गोवऱ्यांचा धूर, म्हणाल्या. अंगावर गुंडाळलेल्या घोंगडीची पिन हल्ली दोन घड्या आत टोचतात. थंडी म्हणे.

मी नजर पोरीवर धरली. वडीलधाऱ्यांच्या तोंडाकडे टक लावून बघायची आमच्यात रीत नाही. सासूबाईंकडे मला कॅमेऱ्यातूनही बघवत नाही, डोळे आपोआप खाली जातात.

३ जुलै

सासूबाईंनी आजही आपल्या वाटणीचा मक्याचा घाटा माझ्या ताटात ओतला. "पाजतेस तू. मला काय करायचाय एवढा?"

९ जुलै

जमलं! बर्फ बर्फासारखा पांढरा, आणि लिमाकात्सो अख्खीच्या अख्खी — पापण्या, हनुवटीवरची लाळ, सगळं. कपाळ खरंच आजीचं. काय आनंद झाला मला! शेजारपाजारी चार घरं फिरून दाखवून आले. सेकाके म्हणाला, "आता एक गाढवाचा काढा, त्याची मेहनत आहे."

सासूबाईंनी फोटो लांब धरून बराच वेळ पाहिला. मग म्हणाल्या, "माझ्या बाजूने कापून पाठव. त्याला पोर दिसली म्हणजे झालं."

असा फोटो कापायचा? इतका सुंदर बर्फ आलाय त्या बाजूला. सेकाकेचा भाऊ उद्या खाणीवर परत जातोय, त्याच्याकडे तसाच दिला.

१९ जुलै

पत्र आलं. पोरीबद्दल एक अक्षर नाही.

"आईला काय झालंय? अर्धी उरलीय. पत्र मिळेल त्या क्षणी गाढवावर बसवून दवाखान्यात ने. मी निघालोय."

मान वर करून सासूबाईंच्या तोंडाकडे पाहिलं. थेट, पहिल्यांदाच. नजर त्यांनी खाली घेतली.

गाढवावर घोंगडी टाकली आहे. आम्ही निघतो.