बारा मिलिमीटरचा ठिपका आणि तीन युक्त्या

३ ऑगस्ट २०१५, अकोला
रोजनिशी पुन्हा सुरू. मोठ्या कामाची नोंद राहिलेली बरी.

अकोटजवळचे किसनराव आले. दोन महिने कोरडा खोकला. सीटी स्कॅनमध्ये उजव्या फुफ्फुसात, वरच्या टोकाला, बारा मिलिमीटरचा ठिपका. कॅन्सर असेल, नसेलही. तुकडा काढून तपासायला हवा. नागपूरला पाठवावं, असं एक मन म्हणालं. त्याला गप्प केलं.

कपाशी यंदा गेलीच. विहिरीच्या पाण्यावर फुलगोबी तेवढी उरली, म्हणाले. रोप तयार आहे, दहा-बारा दिवसांत लावलं नाही तर वाया. आणि कॅन्सर असेल तर बायकोच्या, गंगूबाईच्या, एकटीच्या गळ्यात गोबी कशाला, वावरच दुसऱ्याला देऊन टाकतो. रोप लावू का नको, तेवढं सांगा.

आठवड्यात सांगतो म्हटलं, छातीवर हात ठेवून. छाती त्यांची होती, तपासत होतो.

४ ऑगस्ट
नुसती दुर्बिणीची नळी एवढ्या आत नेमकी पोचत नाही. पण हल्ली तीन युक्त्या एकत्र करतात. सीटीवरून काढलेला श्वासनलिकांचा नकाशा, नळीतून आत जाणारा अल्ट्रासाउंड, आणि बाहेरून चालता एक्स-रे दाखवणारं सी-आर्म. अकोल्यात तिन्ही जुळवणारा मी पहिला. (दुसरा कोणी असल्यास कळलेलं नाही.)

नागपूरच्या कॉन्फरन्सला पेपरचा सारांश पाठवून दिला. निकालाच्या रकान्यात ‘उत्तम’ लिहिलं. शेवटची तारीख आजच होती, काय करणार.

६ ऑगस्ट
सराव. गोबी उलटी धरली की हुबेहूब श्वासनलिकांचं झाड. पण दांडे पोकळ नसतात, हे नळी घालताना कळलं. मग पपईच्या पानाचा देठ घेतला. पोकळ आहे, पण फाटे फुटत नाहीत. दोन अर्धे मिळून एक पूर्ण सराव झाला, असं धरलं.

गोबीची साधनाने भाजी केली. ते मॉडेल होतं, असं जेवताना सांगितलं. तरीच मीठ लागलं नाही, म्हणाली. वीस वर्षांच्या संसारात कौतुकाचा एक शब्द नाही.

८ ऑगस्ट
सी-आर्म हाडांच्या डॉक्टरकडून अर्ध्या दिवसापुरतं मागून घेतलं. सोबत त्यांचा टेक्निशियन परवेज. अल्ट्रासाउंड कंपनीने डेमोला दिला, मंगळवारी परत. नकाशा मी स्वतः काढला. चार रंगांत.

१० ऑगस्ट, सकाळी ७
किसनराव उपाशीपोटी हजर. मी नाश्ता करून. आत्मविश्वास भरपूर.

दुपारी २
किरकोळ मतभेद झाले. नकाशा म्हणाला, डावीकडे. परवेज म्हणाला, साहेब, ठिपका तं उजवीकडे दिसून राहिला. अल्ट्रासाउंडच्या पडद्यावर नुसता पांढरा धुरळा, म्हणजे तटस्थ. मतं समसमान पडली. अध्यक्ष या नात्याने माझं मत नकाशाला. डावीकडून पाच तुकडे काढले. सुरेख निघाले.

संध्याकाळी ६
नकाशा पुन्हा पाहिला. बिनचूक आहे. फक्त तो रुग्णाच्या समोर उभं राहून पाहिल्यासारखा काढलाय, आणि नळी घालताना मी होतो त्यांच्या डोक्यामागे. म्हणजे चूक नकाशाची नाही, उभं राहण्याची.

किसनरावांना आज सांगितलं नाही. ते खोकत होते.

१३ ऑगस्ट
रिपोर्ट आला. फुफ्फुस निरोगी. डाव्या बाजूपुरती चांगलीच बातमी.

किसनरावांना तीनदा फोन लावून तीनदा कापला. चौथ्यांदा सगळं सांगितलं. खूप लाज वाटली. मंग रोपाचं काय करू, किसनराव म्हणाले. कळवतो म्हटलं, आणि फोन ठेवला. जेवलो नाही.

१४ ऑगस्ट
नळी घातल्यापासून किसनरावांचा कोरडा खोकला ओला झाला होता. पडलेला बेडका तपासल्याशिवाय फेकायचा नाही, हा आमच्या सिस्टर हलीमाबीचा जुना हट्ट. मला न विचारता तिने सोमवारीच डबी भरून सरकारी लॅबमध्ये धाडली होती. आज तिथल्या खुशालरावांचा फोन आला. टीबीचे जंतू आहेत, भरपूर.

टीबी! म्हणजे ठिपकाही त्याचाच. सहा महिन्यांच्या गोळ्या, आणि माणूस धडधाकट. मी खुर्चीत बसून चक्क रडलो. लगेच अकोटला फोन. किसनराव तिकडे गंगूबाईला ओरडून म्हणाले, अवं, लाव रोप!

सारांश, तीन युक्त्यांचा मिलाफ यशस्वी. वाट जराशी खोकल्यातून गेली.

१७ ऑगस्ट
पेपर मंजूर! पोस्टर लावायचंय. निकालात ‘उत्तम’ लिहिलंच होतं, एक अक्षर बदलावं लागलं नाही.

मन मोठं करून लेखकांच्या यादीत हलीमाबीचं नाव शेवटी टाकायचं ठरवलं. तिला बोलावून सांगितलं. त्यात मले काय करा लागते, म्हणे. काही नाही, म्हटलं, नुसतं पोस्टरजवळ उभं राहायचं.

मंग तुमचंच नाव ठेवा साहेब, म्हणाली, आणि नळी धुवायला गेली.