धुऱ्यावरचे मोह कोणाले, अन् साबणात तेल कोणतं

नाई, माहं डोकं फिरलं नाई. कोणी दारू पाजून अंगठा बी घेतला नाई. सही येते मले, चवथीपर्यंत शाळेत गेली मी. मी गोकुळा मनसाराम गुरनुले, राहणार मोहर्ली, माह्या मर्जीनं हे मृत्युपत्र लिहून राह्यली. मालक वारले तवापासून घर अन् वावर माह्या नावावर हाये, म्हून वाटणी बी मीच करीन.

एक. राहतं घर, अन् धुरा म्हणजे बांध सोडून बाकी वावर, पोरगा मिथुन याले. कवेलू गळतात. मोबाईल पाहणं थांबलं तं त्यानं चढून फेरावे.

दोन. घरातले शिया बटरचे, बदामाच्या अन् अव्होकाडोच्या तेलाचे डबे बी मिथुनलेच. मी अन् सून रीता टोळीच्या तेलाचा साबण करतो. टोळी म्हणजे मोहाचं बी. सफारीवाले लोक जंगलाच्या गेटवर घेतात. मिथुन चंद्रपूरले साबणाच्या ट्रेनिंगले गेला अन् येऊन म्हणे, "आई, लक्झरी पायजे. टोळीचं तेल गावठी वाटते." मी म्हटलं, "बाबू, कॉस्टिक सोडा सगळंच तेल खाते, भाव पाहून खात नाई. अन् अंगाले लावलेलं मोरीतच जाते." आयकलं नाई. सारा घाणा बदामाचा अन् अव्होकाडोचा केला. साबण लिबलिबीत, वरतून केशरी ठिपके, वास जुन्या भज्याच्या तेलाचा. कागद मात्र सोनेरी.

म्हून लिहून ठेवते, पुन्हा कोणी डोकं खाऊ नये. साबणाचं अंग टोळीच्या तेलाचं. फेसाले खोबऱ्याचं, अन् थोडं एरंडीचं. महाग बटर टाकाचंच असन तं साबण शिजून उतरल्यावर चमचाभर, बस. शिया पायाच्या भेगांले बरं हाये, तेवढं मानते. भेगांले लावा.

तीन. माहा साबण शिजवाचा स्टीलचा गंज, म्हणजे पातेलं, जाऊ कमळा इले. तिनं माहं पाहून जर्मनच्या गंजात कॉस्टिक टाकलं. अल्युमिनियमच ते, गंजाले भोक पडलं, अन् गावभर सांगतलं का गोकुळानं नजर लावली. आता स्टीलचा घे अन् तोंड बंद ठेव.

चार. धुऱ्यावरची मोहाची झाडं अन् त्याखालची जागा सून रीता इले. मिथुनले नाई. बाजूचा रिसॉर्टवाला तिथी गाड्या उभ्या कराले जागा मांगून राह्यला. मिथुन म्हणते, "तोडून टाकू मोह, तेल तं ऑनलाइन येते."

मांगच्या थंडीत टोळीचं तेल डब्यात गोठलं. ते दर थंडीत गोठते. पण मिथुन शहरात, ऊर्जानगरले मामाच्या क्वार्टरमध्ये वाढला, याले काय माहीत. तेल काढाच्या मशीनवाल्या पत्रूभाऊच्या दारात जाऊन चार लोकांत बोलला, "डालडा मिसळवला तुमी." पत्रूभाऊनं आमच्या टोळीचं तेल काढाले साफ नाई म्हटलं. मंग रीतानं डबा उचलला, त्यायच्या दारापुढं उन्हात ठेवला, अन् तेल पातळ होयेपर्यंत तिथीच बसली. उठून म्हणे, "भाऊ, तेल चांगलं हाये. आमच्या घरचा माणूस चुकला." मिथुननं आजवर माफी मांगितली नाई.

रीता बी काई देवी नाई. साबणावर गुलाबाच्या पाकळ्या चिकटवते. त्या काळ्या पडतात, उंदराच्या लेंड्या दिसतात. पाकळ्या बंद, ही अट समजा. दुसरी अट, झाडं तोडाची नाई, इकाची नाई, नवऱ्याच्या नावानं कराची नाई. तिच्यामांगं नात आचलले.

पाच. बँकेत जे असन ते आचलच्या शिक्षणाले. माह्या तेरवीले मांडव नको, बँड नको, अन् पाहुण्यांले साबणाचे पाकीट वाटू नका.

साक्षीदार लटारूभाऊ सही कराच्या आधी म्हणून राह्यले, "गोकुळाबाई, पोटचा पोरगा हाये. एक तं मोह द्या त्याले."

नाई. अन् काऊन नाई ते वर लिहिलं हाये. यापुढं मी काईच बोलणार नाई.

सही: गोकुळा मनसाराम गुरनुले

साक्षीदार: लटारू चौखे, दादाजी शेंडे, दोघं बी राहणार मोहर्ली

ठिकाण: मोहर्ली, जिल्हा चंद्रपूर
तारीख: ९ मार्च २०२५